पाचशे ऑर्डरी, पाचशे एक क्वेरी

जावामधील ऑब्जेक्ट आणि डेटाबेसमधील टेबल यांची सांगड घालून देणाऱ्या तंत्राला ऑब्जेक्ट-रिलेशनल मॅपिंग, म्हणजेच ओआरएम, म्हणतात. गॅव्हिन किंग यांनी २००१ मध्ये सुरू केलेल्या हायबरनेट या लायब्ररीमुळे ते जावात रुळले आणि २००६ मध्ये आलेल्या जेपीए या प्रमाणकाने त्याला सामाईक चौकट दिली. हाताने एसक्यूएल लिहिण्याचा व्याप त्यामुळे कमी झाला हे खरे. मात्र एसक्यूएल नजरेआड गेले की ते किती वेळा चालते याचे भानही सुटते.

प्रस्तुत लेखकाने लिहिलेल्या ऑर्डर-यादीच्या एका पानात हेच घडले. यादी एका क्वेरीत येई, पण लूपमध्ये प्रत्येक ऑर्डरच्या ग्राहकाचे नाव मागताच, लेझी ठेवलेला, म्हणजे गरज पडेपर्यंत न भरलेला, तो ग्राहक आणण्यासाठी हायबरनेट स्वतंत्र क्वेरी पाठवी. ग्राहक निरनिराळे असल्याने पाचशे ऑर्डरींमागे पाचशे एक क्वेरी होत. विकसकाच्या यंत्रावर दहाच ऑर्डरी आणि डेटाबेस शेजारीच, म्हणून तिथे काही जाणवत नसे. डेटाबेस दुसऱ्या सर्व्हरवर गेला आणि एका फेरीला दोन मिलिसेकंद लागले, तरी नुसत्या ये-जा करण्यातच एक सेकंद जातो.

यावर मॅपिंग ईगर करणे, म्हणजे ग्राहक नेहमीच सोबत भरायला सांगणे, हा पहिला सुचणारा उपाय फसवा आहे, कारण जेपीक्यूएल या जेपीएच्या क्वेरी-भाषेत लिहिलेल्या क्वेरीला ईगर मॅपिंगमुळे जॉइन आपोआप जोडला जात नाही, तर त्याच सुट्या क्वेरी लगोलग सुटतात, आणि ज्या पानावर ग्राहकाची गरजच नाही तिथेही सुटतात. अनेक ऑर्डरींचा एक ग्राहक अशा नात्याला जेपीए मुळातच ईगर धरते, हा त्या प्रमाणकातील एक दुर्दैवी निर्णय म्हणावा लागेल. म्हणून मॅपिंग लेझी ठेवून त्या-त्या क्वेरीत जॉइन फेच, म्हणजे ग्राहक त्याच क्वेरीत जोडून आणण्याची सूचना, लिहावे.

जॉइन फेचही सर्वत्र चालत नाही. ऑर्डरीबरोबर तिच्यातील वस्तूंची यादी फेच करून पानामागे वीस ऑर्डरी मागितल्या, तर हायबरनेट मूळ सेटिंगमध्ये सगळ्या ओळी मेमरीत आणून तिथे वीस निवडते आणि लॉगमध्ये केवळ एक सूचना टाकते. ती सूचना प्रस्तुत लेखकाने कित्येकदा पाहून सोडून दिली होती. अशा वेळी आधी वीस ऑर्डरींचे आयडी आणावेत आणि दुसऱ्या क्वेरीत तेवढ्याच ऑर्डरी वस्तूंसह मागाव्यात. फेऱ्यांचा हाच प्रश्न नोंदी घालतानाही येतो: मोठ्या प्रमाणावर नोंदी घालायच्या असल्यास आयडेंटिटी प्रकारचा, म्हणजे नोंद घातल्यावर डेटाबेसने दिलेला, आयडी टाळावा, कारण त्यामुळे हायबरनेटचे इन्सर्टचे बॅचिंग, म्हणजे अनेक इन्सर्ट एकत्र पाठवणे, बंद पडते.

कोड पुढे पाठवण्यापूर्वी चाचणीच्या डेटाबेसमध्ये आधी दहा आणि मग शंभर नोंदी भराव्यात, हायबरनेटची स्टॅटिस्टिक्स चालू करून दोन्ही वेळच्या क्वेरी मोजाव्यात, आणि नोंदींबरोबर क्वेरीही वाढत असतील तर तो कोड तिथेच अडवावा.