एअरब्रश : त्याची निवड, निगा व संग्रह

चित्रकलेच्या साहित्यांत एअरब्रशचें स्थान कांहींसें निराळें आहे. कुंचला कागदावर टेंकावा लागतो, पेन्सिल घासावी लागते. पण एअरब्रश कागदाला स्पर्शहि न करतां त्यावर रंग पसरवितो. त्यामुळें आभाळाचा निळा रंग क्षितिजाकडे फिका होत जावा, तसा कोठेंहि रेघ न दिसतां रंग गडदाकडून फिक्याकडे नेणें त्याला साधतें. हें पाहून पुष्कळ मुलांना त्याचा मोह पडतो व घरीं मागणी सुरू होते. उपकरण स्वस्त नव्हे. शिवाय एक घेतल्यावर दुसरें, दुसऱ्यानंतर तिसरें घेण्याची हौस उत्पन्न होते. तेव्हां कोणता एअरब्रश घ्यावा, घेतल्यावर त्याची निगा कशी राखावी, आणि अनेक जमवावयाचे झाल्यास ते कोणत्या हेतूनें जमवावे, याचा विचार विद्यार्थी व पालक या दोघांनींहि आधींच करावा, हें बरें.

रचना व तत्त्व

डांस मारण्याच्या औषधाचा जुना हातपंप पुष्कळांनीं पाहिला असेल. त्याचा दट्ट्या पुढें ढकलला कीं हवा एका बारीक नळीच्या तोंडावरून वेगानें जाते. वेगानें वाहणाऱ्या त्या झोतांत दाब कमी होतो, डब्यांतील औषध नळींतून वर चढतें, आणि हवा त्याचे सूक्ष्म तुषार करून उडविते. एअरब्रशचें तत्त्व हेंच. फरक इतकाच कीं, पंपांत तुषारांवर आपला फारसा ताबा नसतो, आणि एअरब्रशमध्यें तो ताबा एका निमुळत्या सुईकडे दिलेला असतो. सुईचें टोंक तोटीच्या छिद्रांत बसलेलें असतें. ती जितकी मागें सरेल तितका रंग अधिक बाहेर पडतो. या छिद्राचा व्यास बहुधा ०.२ पासून ०.५ मिलिमीटरपर्यंत असतो; म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या आंतच हा सारा खेळ आहे. एवढी एक गोष्ट लक्षांत ठेवली म्हणजे पुढील सर्व नियमांचीं कारणें आपोआप कळतील.

थोडा इतिहास

या उपकरणाचा जन्म छायाचित्रकारांच्या गरजेंतून झाला. अमेरिकेंतील फ्रॅन्सिस एडगर स्टॅन्ली यानें रंग फवारण्याच्या एका साधनाचें पेटंट १८७६ सालीं घेतलें. पुढें वाफेवर चालणाऱ्या मोटारगाड्यांमुळें प्रसिद्धीस आलेल्या जुळ्या भावांपैकीं हा एक. त्यानंतर आयोवा संस्थानांतील ॲब्नर पीलर यानें आपलें निराळें यंत्र सिद्ध केलें. त्याचे हक्क लिबर्टी वॉकअप यानें विकत घेऊन इलिनॉय संस्थानांतील रॉकफर्ड येथें कारखाना काढला. १८९० नंतरच्या दशकांत चार्ल्स बर्डिक यानें हवा व रंग यांचें मिश्रण उपकरणाच्या आंतच होईल अशी रचना केली, व आजचे बहुतेक एअरब्रश त्याच वळणाचे आहेत. १९१९ च्या सुमारास मॅन रे या चित्रकारानें एअरब्रशनें स्वतंत्र चित्रें काढून, हें केवळ छायाचित्रें दुरुस्त करण्याचें साधन नव्हे, हें दाखवून दिलें.

आपल्याकडेहि फवाऱ्याचें काम अपरिचित नाहीं. पेण येथील गणेशमूर्तींच्या कारखान्यांत मूर्तीच्या अंगाचा रंग फवाऱ्यानें देतात. पण डोळ्यांची आखणी मात्र कसलेला कारागीर कुंचल्यानेंच करतो. यांत मोठा बोध आहे. एअरब्रश कुंचल्याची जागा घेत नाहीं. तो कुंचल्याचा सोबती आहे. ज्याला रेखाटन येत नाहीं, त्याला एअरब्रश चित्रकार करूं शकणार नाहीं.

निवड

निवड करतांना पुढील गोष्टी पाहाव्या.

(१) चापाची चाल. एकेरी चालीच्या उपकरणांत चाप दाबल्यावर हवा व रंग एकदमच सुटतात, आणि रंगाचें प्रमाण मागील स्क्रूनें आधीं ठरवावें लागतें. दुहेरी चालीच्या उपकरणांत चाप खालीं दाबल्यानें हवा व मागें ओढल्यानें रंग येतो. दुसरें शिकावयास कठीण. पण ज्याला चित्रकलाच शिकावयाची आहे त्यानें आरंभापासून तेंच घ्यावें. सपाट पार्श्वभूमी किंवा लांकडी खेळणीं रंगवावयाचीं असल्यास एकेरी चाल पुरेशी आहे.

(२) रंगाची वाटी. वाटी वर असल्यास रंग स्वतःच्या भारानें खालीं येतो, थोड्या दाबावर काम होतें आणि रंग वायां जात नाहीं. खालीं बाटली असल्यास रंग पुष्कळ मावतो व रंग पालटणें सोपें जातें. पण दाब अधिक लागतो.

(३) तोटीचें माप. प्रथम ०.३ मिलिमीटरची तोटी घ्यावी. ०.२ ची तोटी बारीक रेघ काढते खरी, परंतु रंग किंचित् दाट झाला कीं ती तुंबते, आणि शिकाऊ विद्यार्थ्याचा अर्धा वेळ ती साफ करण्यांतच जातो. मोठ्या फलकांसाठीं ०.५ ची योग्य.

(४) सुटे भाग. सुई व तोटी हे झिजणारे भाग होत. ते ज्या दुकानांत स्वतंत्र मिळतात, तेथील एअरब्रश थोडा महाग असला तरी तोच घ्यावा.

पालकांनीं हेंहि ध्यानांत ठेवावें कीं, खर्च एअरब्रशपाशीं थांबत नाहीं. हवेसाठीं कॉम्प्रेसर लागतो, व त्याची किंमत बहुधा एअरब्रशहून अधिक असते. त्याला दाब कमीजास्त करण्याची कळ आणि ओल धरणारा गाळणा असावाच. कोंकणासारख्या दमट प्रांतांत पावसाळ्यांत हवेंतील बाष्पाचें पाणी होऊन नळींत साचतें, आणि ऐन वेळीं त्याचा थेंब चित्रावर पडतो.

जुना एअरब्रश घेतांना सुई बाहेर काढून कांचेवर हळूच लोळवून पाहावी. टोंक डळमळलें तर ती वांकलेली समजावी. तोटी भिंगाखालीं पाहावी. तिला चीर असल्यास ती निरुपयोगी होय. सांध्यांना साबणाचें पाणी लावावें. बुडबुडे आल्यास तेथून हवा गळते असें समजावें.

निगा

रंग दुधासारखा पातळ करून व गाळून घ्यावा. हवेचा दाब दर चौरस इंचास १५ ते ३० पौंड बहुतेक कामांस पुरतो. एक रंग संपला कीं वाटी रिकामी करून तींत पाणी घालावें, व निर्मळ तुषार येईपर्यंत तें फवारावें. दिवसाचें काम संपल्यावर सुई काढून मऊ ओल्या फडक्यानें मागून टोंकाकडे पुसावी. टोंकाकडून मागें पुसल्यास तें वांकतें व बोटासहि टोंचतें. तोटी टांचणीनें कधींहि कोरूं नये. तिच्यासाठीं बारीक ब्रश मिळतो. सबंध उपकरण तीव्र द्रावकांत बुडवून ठेवूं नये, कारण आंतील रबरी चकत्या फुगतात.

उपकरण आपला आजार आपणच सांगतें. रंगाचे शिंतोडे उडूं लागले, तर टोंकावर रंग वाळला आहे किंवा तें वांकलें आहे. वाटींत बुडबुडे येऊं लागले, तर तोटी सैल झाली आहे किंवा फुटली आहे. चाप मागें न ओढतांच रंग येऊं लागला, तर सुई नीट बसलेली नाहीं.

उपकरणाच्या निगेहूनहि स्वतःच्या फुप्फुसांची निगा मोठी. रंगाचे तुषार श्वासाबरोबर आंत जातात. म्हणून योग्य मुखवटा बांधून, खिडक्या उघड्या ठेवूनच काम करावें. कॅडमियम किंवा शिसें असलेले रंग कधींहि फवारूं नयेत. या बाबतींत पालकांनीं मुलाच्या शब्दावर विसंबूं नये, स्वतः पाहावें.

संग्रह

कांहीं चित्रकार नवेजुने एअरब्रश जमवितात. ही हौस वाईट नव्हे. शिकागो येथें १९०४ सालीं स्थापन झालेल्या पाश कंपनीच्या एका एअरब्रशमध्यें हवेनें फिरणारें इवलेसें चाक सुईला पुढेंमागें हलवितें. असें उपकरण पाहणें हाच एक यंत्रशास्त्राचा धडा आहे. मात्र प्रत्येक नगाची नोंद वहींत असावी : कारखान्याचें नांव, क्रमांक, तोटीचें माप, मिळालेले सुटे भाग. मूळ पेटी व माहितीपत्रक जपावें. निकेलचा मुलामा घासून उडवूं नये. आणि मुख्य म्हणजे, प्रत्येक एअरब्रश वर्षांतून कांहीं वेळां तरी चालवावा. प्रभु येशूच्या दाखल्यांतील ज्या चाकरानें धन्याचें द्रव्य जमिनींत पुरून ठेवलें, त्याला शाबासकी मिळाली नाहीं. कपाटांत बंद असलेलीं दहा उपकरणें त्या पुरलेल्या द्रव्यासारखींच होत.

विद्यार्थ्यांनो, प्रथम एकच एअरब्रश घ्या. त्यानें एका ओळींत सारखे शंभर ठिपके काढा. मग सारख्या जाडीच्या रेघा. मग गडदाकडून फिक्याकडे जाणारी पट्टी. आणि शेवटीं एक चेंडू, ज्याची गोलाई केवळ छायेनें दिसेल. हे चार पाठ होईपर्यंत तुमची सुई सरळ व तोटी स्वच्छ राहिली, तर दुसरा एअरब्रश मागण्याचा अधिकार तुम्हांस प्राप्त झाला असें समजा; आणि पालकांनींहि तो आनंदानें घेऊन द्यावा.