राजद्रोहाचे कलम आणि केसरीची भाषा

मागील घटकात आपण एकोणिसाव्या शतकातील मराठी निबंधाची वाढ पाहिली. हे गद्य लिहिले जात असताना लेखकाच्या लेखणीवर एका कायद्याची नजर होती, ही गोष्ट वाङ्मयाचा अभ्यास करताना सहसा नजरेआड होते. तो कायदा म्हणजे भारतीय दंड संहितेचे कलम १२४-अ. मेकॉलेच्या १८३७ च्या मसुद्यात राजद्रोहाची तरतूद होती, पण १८६० मध्ये संहिता संमत झाली तेव्हा ती गळालेली होती. १८७० साली जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांच्या पुढाकाराने हे कलम नव्याने घालण्यात आले.

या कलमातील कळीच्या इंग्रजी शब्दासाठी मराठीत 'अप्रीती' हा शब्द वापरतात. तो क्षणभर नीट न्याहाळावा. शस्त्र उचलणे किंवा दंगा करणे ही कृत्ये आहेत. ती घडली की नाही हे साक्षीपुराव्याने ठरवता येते. अप्रीती ही मात्र मनाची अवस्था आहे, आणि गुन्हा कोणता, तर वाचकाच्या मनात ती चेतवण्याचा प्रयत्न. तेव्हा पुरावा शोधायचा कुठे? अर्थातच लेखकाच्या शब्दांत. खटला भाषेवर चालू लागतो तो येथूनच.

१५ जून १८९७ च्या केसरीत शिवराज्याभिषेकोत्सवाचा वृत्तांत आणि शिवाजीच्या तोंडी घातलेली कविता प्रसिद्ध झाली. २२ जूनच्या रात्री पुण्यात प्लेगचे अधिकारी रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. टिळकांवर हत्येचा आरोप ठेवला नव्हता. आरोप होता तो छापलेल्या मजकुराचा. मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला सांगितले, की अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव. हा अर्थ किती दूर जातो ते पाहा! सरकारवर प्रेम न करणारा प्रत्येक माणूस त्याच्या कक्षेत येतो. नऊ ज्यूरर्सपैकी सहा युरोपियनांनी दोषी ठरवले, तिघा हिंदी सभासदांनी निर्दोष. शिक्षा अठरा महिने सक्तमजुरीची झाली. पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये, कलमात दुरुस्ती होऊन द्वेष आणि तुच्छता हे शब्दही आले, आणि अप्रीतीत राजनिष्ठेचा अभाव व वैरभाव यांचा समावेश होतो असे स्पष्टीकरण जोडले गेले. सरकारी धोरणावर टीका करायला मोकळीक होती. अट एवढीच, की तिने अप्रीती चेतवू नये. ही अट पाळून दुष्काळावर किंवा प्लेगवर अग्रलेख कसा लिहावा, हे कलमात कुठे सांगितलेले नव्हते.

१९०८ चा खटला आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. 'देशाचे दुर्दैव' व 'हे उपाय टिकाऊ नाहीत' हे मुजफ्फरपूरच्या बाँबस्फोटानंतरचे केसरीतील लेख आरोपाच्या मुळाशी होते. न्यायमूर्ती दिनशा दावर यांच्यासमोर टिळकांनी स्वतःच बचावाचे भाषण केले. ते एकवीस तासांहून अधिक चालले. त्यातील एक मोठा मुद्दा भाषांतराचा होता. मूळ लेख मराठी, वाचकही मराठी. मात्र सात युरोपियन आणि दोन पारशी अशा ज्यूरीपुढे गेला तो इंग्रजी तर्जुमा. मराठी शब्दाची धार इंग्रजीत वाढवली गेली आहे, हे टिळक न्यायालयाला दाखवू पाहत होते. मराठीच्या विद्यार्थ्याने हा भाग कायद्याच्या नव्हे, शैलीशास्त्राच्या नजरेने वाचावा, असे आम्हांस वाटते. सात विरुद्ध दोन मतांनी टिळक दोषी ठरले आणि त्यांना सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ती मंडालेत भोगावी लागली. याच दावरांनी १८९७ मध्ये वकील या नात्याने टिळकांच्या जामिनासाठी बाजू मांडली होती.

त्याच महिन्यात 'काळ'कर्ते शि. म. परांजपे यांनाही एकोणीस महिन्यांची शिक्षा झाली. त्यांची वक्रोक्ती प्रसिद्धच आहे. स्तुतीच्या आवरणाखाली निंदा करण्याच्या या शैलीला अलंकार म्हणून आपण गुण देतो. पण जिथे सरळ वाक्य तुरुंगात नेते, तिथे वाकडे वाक्य ही लेखकाची गरजही असते. अर्थात ते त्यांना वाचवू शकले नाही.

१९१६ मध्ये मात्र निराळे घडले. टिळकांच्या अहमदनगर व बेळगाव येथील स्वराज्याच्या व्याख्यानांवरून पुण्याच्या मॅजिस्ट्रेटने त्यांच्याकडून जामीन मागितला. उच्च न्यायालयात जीनांनी बाजू मांडली, आणि न्यायमूर्ती बॅचलर व शहा यांनी तो हुकूम रद्द केला. सुटी वाक्ये वेचू नयेत, व्याख्यान समग्र वाचावे, ही त्यामागची दृष्टी होती. १९२२ साली अहमदाबादला गांधीजींनी याच कलमाखालील गुन्हा कबूल केला. प्रीती कायद्याने निर्माण करता येत नाही, असा त्यांच्या निवेदनाचा आशय होता.

स्वातंत्र्यानंतरही कलम टिकले. १९६२ च्या केदारनाथ सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले, पण हिंसेला वा सार्वजनिक अव्यवस्थेला चिथावणी देणाऱ्या उक्तीपुरतेच. ११ मे २०२२ रोजी त्याचा वापर स्थगित ठेवण्याचा आदेश झाला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत 'राजद्रोह' हा शब्द नाही. तिचे कलम १५२ सार्वभौमत्व व एकता धोक्यात आणणाऱ्या कृत्यांविषयी आहे, आणि त्यात उच्चारलेले व लिहिलेले शब्दही येतात. ब्रिटनने आपल्याकडील राजद्रोहाचा गुन्हा २००९ च्या कायद्याने रद्द केला आहे.

स्वाध्याय : 'हे उपाय टिकाऊ नाहीत' हा लेख मिळवून एकदा सलग वाचा. ज्या वाक्यांवर फिर्यादी पक्षाने बोट ठेवले असते असे तुम्हांस वाटते ती अधोरेखित करा, आणि मग त्यांच्या मागची-पुढची दोन-दोन वाक्ये धरून पुन्हा वाचा. अर्थ कुठे बदलतो, ते आपल्या वहीत नोंदवा.