आहारविकृती : माती खाण्याची ओढ

शिरूर किंवा दौंड तालुक्यातील एखाद्या गावात पाटीवरची पेन्सिल खाणारी शाळकरी मुलगी अथवा चुलीची भाजकी माती खाणारी गर्भवती स्त्री कदाचित तुमच्या पाहण्यात आली असेल. घरची माणसे रागावतात, म्हणून ती लपून खाते. ही खोड आहे, डोहाळे आहेत की आजार, याचा विचार आपण या पाठात करणार आहोत.

१. संकल्पना

अन्न नसलेले पदार्थ किमान महिनाभर सातत्याने खाण्याच्या विकृतीस ‘पायका’ म्हणतात. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या वर्गीकरणात तिचा समावेश आहारविकृतींमध्ये होतो. हाताला येईल ते तोंडात घालणाऱ्या लहान बालकांना मात्र ही संज्ञा लावत नाहीत.

आपल्या परंपरेला हे वर्तन अपरिचित नाही. कालिदासाच्या ‘रघुवंशा’तील गर्भवती सुदक्षिणा माती खाते. चरकसंहितेत पांडुरोगाचे पाच प्रकार सांगितले असून त्यांपैकी एक मृद्भक्षणातून उद्भवणारा आहे. काव्याने जेथे डोहाळे पाहिले, तेथे वैद्यकाने रोगाचे कारण पाहिले.

२. कारणमीमांसा

आधुनिक संशोधनाने हा संबंध उलट दिशेनेही तपासला. शरीरात लोह कमी असलेल्या व्यक्तींमध्ये पायका अधिक प्रमाणात आढळतो. कमतरतेमुळे ओढ निर्माण होते की माती खाल्ल्याने कमतरता येते, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. काही प्रकारची माती अन्नातील लोह शरीरात शोषले जाऊ देत नाही; मातीबरोबर जंतांची अंडीही पोटात जातात. त्यामुळे दुष्टचक्र सुरू होऊ शकते. मानसिक ताण व बौद्धिक अक्षमता यांचाही या विकृतीशी संबंध आढळतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. म्हणून या वर्तनाकडे केवळ वाईट सवय म्हणून पाहणे धोक्याचे ठरते.

३. उपचार

प्रथम रक्त तपासावे. गर्भवतीचे हिमोग्लोबिन ११ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास तो रक्तक्षय समजतात. शासकीय कार्यक्रमात गर्भवतीला लोह व फॉलिक अ‍ॅसिडची गोळी रोज एक, याप्रमाणे १८० दिवस दिली जाते. गोळी चहाबरोबर घेऊ नये. लिंबू, आवळा यांमुळे लोहाचे शोषण सुधारते. लोह भरून निघाल्यावर अनेकांची ओढ ओसरते. सर्वांची ओसरतेच असे नाही. अशा वेळी समुपदेशनाची गरज असते.

परंतु उपचाराची सुरुवात प्रश्नापासून होते. “माती खातेस का?” असे दरडावून विचारल्यास उत्तर ‘नाही’ असेच येईल. आशाताईने “पुष्कळजणींना माती, पेन्सिल खावीशी वाटते, तुलाही वाटतं का गं?” असे विचारले, तर तीच स्त्री मोकळेपणाने बोलू शकेल. लाज दूर झाली तरच आजार दिसतो.

स्वाध्याय

१. पायका व रक्तक्षय यांतील दुहेरी संबंध स्पष्ट करा.
२. तुमच्या बोलीत माती खाण्याच्या ओढीसाठी कोणते शब्द वापरतात? त्यांतून सहानुभूती व्यक्त होते की निंदा, ते आठ-दहा ओळींत लिहा.