पेनाची नळी सारखी का येत नाही?

प्रश्न : लाकडी पेन कातताना नळी एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ होते. मधे फुगवटाही राहतो. काय चुकते?

उत्तर : बहुधा मँड्रेल, म्हणजे लाकूड ज्यावर बसवतात तो दांडा, वाकतो. टेलस्टॉक जोरात आवळला, की बारीक दांडा मधोमध वाकतो आणि लाकूड एकसारखे कातले जात नाही. ब्लँक (कातायचा लाकडी तुकडा) जागेवरून घसरणार नाही इतपतच दाब द्या. आत पितळी नळी चिकटवल्यावर ब्लँकची टोके तिच्याशी काटकोनात तासा; तिरक्या टोकांमुळेही दांडा वाकतो. फुगवट्यासाठी हत्याराचा टेका लेथच्या अक्षाला समांतर लावा, धार ताजी ठेवा. लेथ थांबवून ब्लँकवर पोलादी पट्टी टेकवा. जिथे खालून उजेड दिसत नाही, तो उंच भागच तासा. बुशिंगच्या (ब्लँकच्या टोकांशी बसवलेल्या मापाच्या कड्यांच्या) मापाच्या किंचित आधी थांबा. उरलेले काम पॉलिश पेपरवर सोपवा.