नोंदवहीतले अर्थशास्त्र

प्रश्न : मी बी. ए. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत गावच्या सोसायटीत इंटर्नशिप केली. पीककर्जाच्या नोंदी उतरवण्यातच महिना गेला. यात अर्थशास्त्र कुठे आले?
– एक विद्यार्थिनी, राहाता

उत्तर : महिना वाया गेलेला नाही, ताई. तुमच्याच तालुक्यातल्या प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष धनंजयराव गाडगीळ हे अर्थशास्त्रज्ञच होते. आणि नोंदींचे म्हणाल, तर हिवरेबाजारचे गावकरी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात, मगच पिके ठरवतात. अर्थशास्त्र असे नोंदींतूनच उभे राहते. आता त्या नोंदींना प्रश्न विचारा : कर्ज कोणत्या महिन्यात उचलले, फेड कधी झाली, ऊसवाला आणि कोरडवाहू शेतकरी यांत फरक किती? मात्र सचिवांची लेखी परवानगी घ्या आणि अहवालात सभासदांची नावे टाळा. मार्गदर्शक प्राध्यापकांना या प्रश्नांचा आराखडा याच आठवड्यात दाखवा.