बोटांनीं वाचावयाचें गणित

ज्या मुलास डोळ्यांनीं दिसत नाहीं त्यास गाणें शिकवावें, पाठांतर करवावें, पण गणिताच्या वाटेस नेऊं नये, असा समज अद्याप पुष्कळांच्या मनांत आहे. म्हणून गणिताच्या तासाला कित्येक ठिकाणीं अशा मुलास स्वस्थ बसवून ठेवितात. ही दया दिसते खरी, परंतु तिच्यानें मुलाचें नुकसान होतें. ज्यास आपला हिशेब आपण करितां येत नाहीं, त्यास बाजारांत व घरांत जन्मभर दुसऱ्याच्या सचोटीवर विसंबून राहावें लागतें.

ह्या कामीं उणीव बुद्धीची नसून साधनांची आहे. इंग्लंडांत १६८२ सालीं जन्मलेल्या निकोलस साँडरसन ह्याची दृष्टि अगदीं लहानपणीं देवीच्या रोगानें गेली. त्यानें फळीवर टांचण्या खोंवून आंकडे बोटांनीं वाचण्याची युक्ति काढिली, आणि १७११ सालीं तो केंब्रिज येथें गणिताचा प्राध्यापक झाला. त्याच पदावर पूर्वीं न्यूटन होता.

हिशेब तोंडीं सांगितला म्हणजे झालें, असें कोणी म्हणेल. पण ‘सहा अधिक चार भागिलें दोन’ ह्याचें उत्तर काय? भागाकाराची रेघ सहा व चार ह्या दोहोंखालीं असेल तर ५. केवळ चाराखालीं असेल तर ८. डोळस मुलास ती रेघ फळ्यावर दिसते. अंध मुलास ती बोटांखालीं मिळाली पाहिजे.

फ्रान्स देशांतील लुई ब्रेल ह्या अंध मुलानें १८२४ सालीं, वयाच्या पंधराव्या वर्षीं, सहा उठावदार टिंबांची लिपि योजिली. तिच्यांत ६३ आकृति होतात. तेवढ्यांतच सर्व कांहीं बसवावयाचें असल्यामुळें एक आकृति अनेक कामें करिते. भारती ब्रेलमध्यें जी आकृति ‘अ’ ची, तिच्यामागें अंकचिन्ह लाविलें कीं ती १ होते. तसेंच ‘ब’ चा २, ‘च’ चा ३ व ‘द’ चा ४. पुढें अब्राहम नेमेथ ह्या अंध अमेरिकन गणितज्ञानें उच्च गणितासाठीं एक पद्धति रचिली. ती त्या देशांत १९५२ सालीं मान्य झाली. तींत अपूर्णांकाच्या आरंभीं एक चिन्ह व शेवटीं दुसरें असतें. त्यामुळें रेघ कोठून कोठवर आहे हें बोटांस कळतें.

आकडेमोडीकरितां टेलरची पाटी असते. तिच्या अष्टकोनी भोंकांत धातूचा चौकोनी खिळा आठ दिशांनीं बसतो. तो उलटा करून बसविला कीं आणखी आठ खुणा होतात. चुकलेला आंकडा उपसून दुसरा बसवितां येतो.

आपल्या भागांत ह्या शिक्षणाचा आरंभ जुना आहे. अमेरिकन मराठी मिशनच्या मिस मिलर्ड बाईंनीं मुंबईंत अंध मुलांची शाळा १९०० सालीं काढिली. परंतु खेड्यांतील मूल गांवच्या शाळेंतच बसतें; तेथें शिक्षकबंधूंनीं पुढील गोष्टी कराव्या.

१. फळ्यावर लिहितांना प्रत्येक आंकडा व चिन्ह उच्चारावें. ‘हें इकडे, तें तिकडे’ असें म्हणूं नये.

२. पुठ्ठ्यावर डिंकानें सुतळी चिकटवून त्रिकोण, वर्तुळ इत्यादि करावीं. एका पुठ्ठ्यावर एकच आकृति असावी.

३. ब्रेल पुस्तक वर्ग सुरू होण्यापूर्वींच मागवावें, व तें नीट तपासून घ्यावें. १ ला एक टिंब, २ ला दोन. खालचें टिंब चेपलें गेलें तर २ चा १ होतो, आणि मुलाचें उत्तर त्याचा दोष नसतां चुकतें.

अभ्यासाकरितां प्रश्न: आपल्या गांवीं गणिताच्या तासाला स्वस्थ बसविलेलें मूल आहे काय? त्याच्या हातीं ह्या आठवड्यांत आपणांस कोणतें साधन देतां येईल?