पुण्याची माळ, एडिसनमधलं भूत

प्रश्न : यंदा हॅलोविनसाठी मुलं पोर्चवर पुठ्ठ्याचा भुतांचा वाडा उभा करणार आहेत. खिडक्यांत दिवे, वटवाघळांना लाल डोळे आणि शेजारी कोरलेला भोपळा, असा बेत आहे. दिवाळीसाठी पुण्याहून आणलेल्या एलईडीच्या माळा घरात पडून आहेत. पिनेला अडॅप्टर लावून त्याच वापराव्यात का? की वायर कापून आपल्याला हवी तशी जोडणी करावी?
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : दोन्ही नको. पिनेचा अडॅप्टर फक्त पिनेचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. पुण्याची माळ 230 व्होल्टसाठी बनवलेली आहे आणि तुमच्या भिंतीत 120 आहेत. समजा माळेत साठ पांढरे एलईडी एकापुढे एक जोडलेले आहेत. प्रत्येकाला साधारण 3 व्होल्ट म्हणजे सगळ्यांना मिळून 180 व्होल्ट लागणार. तुमच्याकडचा पुरवठा प्रत्येक लाटेच्या माथ्यावरसुद्धा 170 पर्यंतच चढतो. थोडक्यात, माळ नीट लागणारच नाही.

खरी भीती त्यानंतरची. कुणीतरी सुचवतं, ‘व्होल्टेज वाढवणारा ट्रान्सफॉर्मर आणा’, आणि मग ऑक्टोबरच्या दमट पोर्चवर, पुठ्ठ्याला चिकटलेल्या केसाएवढ्या वायरींतून 230 व्होल्ट खेळू लागतात. (अमेरिकेतली माळ भारतात आणणाऱ्यांनीही जपावं. 120 ची साधी बल्बची माळ 230 वर लावली, तर दुपटीहून जास्त उष्णता निर्माण होऊ लागते. बल्ब उडाले तर स्वस्तात सुटलात म्हणायचं.)

वायर कापण्यामागे बहुधा एक गैरसमज असतो : एका बल्बला अडीचच व्होल्ट लागतात, मग शॉक कसला बसणार? पन्नास बल्बांच्या अमेरिकन माळेत प्रत्येकाच्या वाट्याला अडीच व्होल्ट येतात हे खरं, पण साखळी अखंड आहे तोवरच. एका जागी वायर तोडली की त्या फटीच्या दोन टोकांमध्ये सगळेच्या सगळे 120 व्होल्ट उभे राहतात, आणि तिथेच आपली बोटं असतात. तुमचं गाव ज्या एडिसनच्या नावाचं, त्याचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने 1882 मध्ये न्यूयॉर्कच्या आपल्या घरात ख्रिसमसच्या झाडावर हाताने जोडलेले ऐंशी रंगीत दिवे लावले होते. तेव्हा दुसरा इलाजच नव्हता. आज आहे.

आजचा इलाज म्हणजे 120 व्होल्ट भिंतीपाशीच थांबवायचे. यूएल या सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेचा शिक्का असलेला, 5 व्होल्टचा बंदिस्त यूएसबी अडॅप्टर घराच्या आत लावा आणि बाहेर फक्त 5 व्होल्टची वायर न्या. पुढची सगळी कारागिरी मुलांनी खुशाल करावी. एका वटवाघळाचे दोन लाल एलईडी एकापुढे एक जोडले की प्रत्येकी 2 असे 4 व्होल्ट खर्च होतात. उरलेला 1 व्होल्ट 100 ओहमच्या रेझिस्टरवर पडतो आणि डोळ्यांतून 10 मिलीअँपिअर वाहतात. भीती वाटायला तेवढा उजेड पुरे. खिडकीच्या प्रत्येक पांढऱ्या दिव्याला स्वतंत्र 100 ओहमचा रेझिस्टर द्या, म्हणजे 20 मिलीअँपिअर मिळतील. रेझिस्टर वाचवायला लाल आणि पांढरे एलईडी समांतर जोडलेत, तर सगळा प्रवाह लालमधून जाईल आणि पांढरे काळोखातच राहतील. जोड सोल्डर करा, वर आकसणारी नळी चढवा.

शॉकची चिंता इथे संपली, आगीची नाही. चांगला अडॅप्टर शॉर्ट झाल्यावर स्वतःला आवरतो. त्याऐवजी बॅटरी वापरलीत, तर ती आवरत नाही. चार पेन्सिल सेलांच्या दोन वायरी एकमेकींना चिकटल्या तरी सेल हात भाजण्याइतके तापू शकतात, म्हणून त्या वायरीत एक लहान फ्यूज घाला. जुन्या लॅपटॉपमधून काढलेल्या सुट्या लिथियम सेलांना मात्र या खेळात आणूच नका. आपला घरगुती आकाशकंदील आठवून वाड्यात साधा तापणारा बल्ब सोडायचा मोह होईल. कंदिलाला निदान वरून हवा लागते. बंद पुठ्ठ्यात, त्यावर कापसाची जाळी पसरलेली असताना, फक्त एलईडीच.

तयार माळ विकत घेणार असाल तर तिच्या वायरीवरचं यूएलचं चकाकतं लेबल पाहा. लाल अक्षरांचं लेबल घराबाहेरही चालतं, हिरवं फक्त आत. ती बाहेरच्या जीएफसीआय सॉकेटलाच लावा, म्हणजे ‘टेस्ट’ आणि ‘रीसेट’ अशी दोन बटणं असतात त्या. बर्कलीच्या चार्ल्स डाल्झील यांनी 1961 मध्ये शोधलेली ही युक्ती जाणाऱ्या आणि परतणाऱ्या प्रवाहाची सतत तुलना करते. सुमारे 5 मिलीअँपिअर भलतीकडे, बहुधा कुणाच्या तरी अंगातून जमिनीत, जाताहेत असं दिसताच क्षणार्धात पुरवठा तोडते. घरातला नेहमीचा 15 अँपिअरचा ब्रेकर एवढ्याशा गळतीची दखलही घेत नाही. पण एका हातात एक वायर आणि दुसऱ्या हातात दुसरी धरलीत, तर गेलेला प्रवाह पुरता परत येतो आणि जीएफसीआयला काहीच वावगं दिसत नाही. माळ हाताळताना पिन काढायचीच.

राहिला भोपळा. कोरलेला लाल भोपळा आतून दिवसेंदिवस ओला राहतो, त्यामुळे त्यात घरगुती जोड नको आणि पोशाखांच्या झालरी जवळून जाणार म्हणून मेणबत्तीही नको. सेलवरची बंद पणती ठेवा. फक्त तिचं झाकण स्क्रूने बसणारं आहे ना, ते दुकानातच पाहा. आतला नाण्यासारखा सेल लहान मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत आत गंभीर जखम करू शकतो. तसा नुसता संशय आला तरी वाट न पाहता थेट हॉस्पिटल गाठा.